जलतरंग घरीच शिकतेय, अर्ध्या तासात सूर हलतात. काय चुकतंय?

पेटीवाल्या बाई, सातारा

नमस्कार मंडळी. आधी माझी ओळख सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. वय ६१. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं शिकवलं. भजनी मंडळात पेटी वाजवते, तीही कानावर. रीतसर परीक्षा एकही दिलेली नाही. काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी म्हणजे माझा सा) गाते.

दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीला इथे जलतरंगाचा, म्हणजे पाणी भरलेले चिनी मातीचे वाडगे काठ्यांनी वाजवण्याचा, कार्यक्रम झाला. मी दुसऱ्या रांगेत होते. वादकाने सुरुवातीला एका प्याल्यात चमच्याने दोन थेंब टाकले, वाजवून पाहिलं, मान हलवली, परत एक थेंब टाकला. वादन पाऊण तास चाललं, पण घरी आल्यावर माझ्या डोक्यात ते तीन थेंबच. पेटीवर असं काही नसतं हो. पट्टी दाबली की जो मिळायचा तो सूर मिळतो. आपण त्याला काही देत नाही.

तर गेल्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या खरेदीला पुण्याला गेले तेव्हा बोहरी आळीतून चिनी मातीचे आठ वाडगे आणले, लहानमोठे, दिसायला सुंदर, निळ्या फुलांचे. घरचे तीन मोठे चहाचे कप त्यात मिळवले. एकूण अकरा. जेवणाच्या टेबलावर प्लॅस्टिक अंथरून मांडलेत. सगळे सूर पेटीशी जुळवून घ्यायला मला तासभर लागतो. आता तक्रारी ऐका.

पहिली: अर्ध्या तासात मधला पंचम (प) आणि तार षड्ज (वरचा सा) चढतात. बाकीचे बऱ्यापैकी जागेवर राहतात, हे दोघेच पळतात.

दुसरी: एक कप कुठे वाजवला त्यावर सूर बदलतो. एका जागी रिषभ (रे), जरा बाजूला वाजवला की जवळजवळ कोमल गंधार (ग). यजमानांनी ऐकून सांगितलं की तुझे कान तपासून घे.

तिसरी: एक वाडगा टर्र करतो. पाणी कमी करा, जास्त करा, टर्र कायम.

चौथी: काठ्या. विणकामाच्या सुया वापरून पाहिल्या, आवाज टोचतो. पेन्सिलीने वाजवलं की ठोकल्यासारखं वाटतं.

शिकवणारं कोणी जवळपास मला सापडलेलं नाही. गुडघ्यांमुळे दर आठवड्याला एसटीने पुण्याला जाणं होणार नाही. तेव्हा "गुरू करा" एवढं एकच उत्तर देऊ नका, प्लीज.

पाणीदार, कोल्हापूर

ताई, तुमचा तो "आपण त्याला काही देत नाही" वाचून हसलो. मीही पेटीवरूनच इकडे आलो. नऊ वर्षं झाली. माझं औषधांचं दुकान आहे, रात्री शटर ओढलं की मागच्या खोलीत वाजवतो.

पहिल्या तक्रारीचं उत्तर न बघता सांगतो. तुमचे पंचम आणि तार षड्जाचे वाडगे काठोकाठ भरलेले आहेत. बरोबर? आणि डोक्यावर पंखा फिरतोय.

गंमत अशी आहे की वाडग्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं तरी सूर जेमतेम हलतो. तुम्ही ओतत राहता आणि वाटतं, हा काही उतरत नाही. अर्ध्याच्या वर गेलं की उतरायला लागतो आणि काठाजवळ तर चमचाभर पाण्याने धाडकन खाली येतो. म्हणजे काठोकाठ भरलेल्या वाडग्यातून वाऱ्याने थोडं उडालं, वाजवताना चार थेंब सांडले, की सूर लगेच वर. तेवढंच पाणी मध्यापर्यंत भरलेल्या वाडग्यातून गेलं तर तुम्हाला कळणारही नाही. तुमचे बाकीचे नऊ जागेवर आहेत ते यामुळेच.

म्हणून काठापर्यंत भरावा लागणारा वाडगा त्या सुराचा नाहीच. त्याला दुसऱ्या, वरच्या सुरावर बसवा आणि पंचमासाठी मुळात खालून बोलणारा शोधा. माझा हिशेब: रिकामा वाडगा हव्या त्या सुरापेक्षा एक ते दोन स्वर वर बोलला पाहिजे (इथे स्वर म्हणजे पेटीची लगतची पट्टी, काळी-पांढरी धरून). मग पाणी अर्ध्याच्या वर आणि काठाखाली दीड-दोन बोटं येऊन थांबतं. ती जागा चांगली. तिथे थोडं ओतून उतरवताही येतं, थोडं काढून चढवताही येतं.

माझ्याकडे आज सोळा वाडगे मांडलेले असतात आणि कपाटात चाळीसेक पडून आहेत. त्यातले चोवीस चुकीचे विकत घेतलेत. दिसायला सुंदर म्हणून घेतले होते. निळी फुलंच होती त्यांच्यावरही.

खरेदीची रीत: दुकानात वाडगा उजव्या हाताने काठाला धरून वाजवू नका, बसतो आवाज. डाव्या हाताच्या तीन बोटांच्या टोकांवर बुडाने ठेवा आणि उजव्या हाताच्या नखाने काठावर टिचकी मारा. मोबाइलवर तुमच्या पट्टीचा तंबोरा लावून एका कानात घाला. दुकानदार बघत राहतात, सवय होते. सेट घेऊ नका. सहाच्या सेटमधले सहाही बहुतेक एकाच सुराच्या आसपास बोलतात. वेगवेगळ्या आकाराचे सुटे घ्या.

पाणी: नळाचं ताजं पाणी ओतलं की आतून बारीक बुडबुडे चिकटतात, आवाज दबलेला येतो. मी आदल्या रात्री कळशीत भरून ठेवतो. शेवटचं बारीक जुळवायला चमचा नको, ५ मिलीची सिरिंज घ्या (सुईशिवाय!). थेंब टाकता येतो, ओढूनही घेता येतो. चमच्याने काढायला गेलं की हमखास जास्त निघतं.

मांडणी: टेबलावर थेट ठेवू नका. प्रत्येकाखाली जुन्या सुती साडीची छोटी चुंबळ करा. आपल्या आज्या हंड्याखाली घेत तशीच, फक्त बांगडीएवढी. निम्मी टर्रटर्र तिथेच जाते. शेजारच्या वाडग्याला चिकटत असेल तरी तसाच आवाज येतो, मध्ये बोटभर जागा हवी. एवढं करूनही टर्र राहिली तर वाडग्याला चीर आहे, त्याला काही औषध नाही. चीर डोळ्यांना दिसतेच असं नाही.

काठ्या: पतंगाच्या कामटीपेक्षा किंचित जाड बांबू, वीत आणि चार बोटं लांब. मी बुरुडाकडून करून घेतल्या, काचपेपरने घासल्या. काठी दोन बोटांत सैल धरायची, मनगट हलवायचं, काठावर टेकली की लगेच उचलायची. ती तिथे रेंगाळली तर स्वतःच आवाज मारते. तुमची पेन्सिल ठोकल्यासारखी वाटते ती बहुतेक यामुळे.

कपाचं कोडं मला नीट समजावता येणार नाही. मी एवढंच शिकलो की कान असलेला कप घ्यायचा नाही.

स्टीलप्रेमी

स्टीलच्या वाट्या चालतील का? फुटायची भीती नाही.

पाणीदार, कोल्हापूर

करून पाहिलंय. वाजतात, पण घुमत राहतात. पुढचा सूर आला तरी मागचा जात नाही. आमटीला ठेवा.

दुसरा बाक

मी महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे कपाचं कोडं माझ्याकडे. बाई, तुमचे कान उत्तम आहेत, यजमानांना दाखवा हे.

वाडगा वाजवला की त्याचा काठ गोल राहत नाही, आळीपाळीने दोन दिशांना लंबगोल होतो. त्यात काठावरचे चार भाग जोरात हलतात आणि त्यांच्या मधली चार ठिकाणं जवळपास स्थिर राहतात. साध्या वाडग्याला सगळ्या बाजू सारख्या, कुठेही वाजवा. कपाला मात्र कान आहे, कानाला वजन आहे. तुम्ही कानाच्या रेषेत, कानाच्या बरोबर समोर किंवा त्याला काटकोनात वाजवलं की हलणाऱ्या भागावर कान येतो, त्याचं ओझं काठाला वाहावं लागतं, सूर उतरतो. कानापासून ४५ अंशांवर वाजवलं की कान स्थिर जागी पडतो, ओझं लागतच नाही, सूर वर. कपाला घड्याळ समजा, कान तीनवर. बारा, तीन, सहा, नऊ इथे एक सूर आणि दीड, साडेचार, साडेसात, साडेदहा इथे दुसरा. चहाचा रिकामा कप आणि चमचा घेऊन दोन मिनिटांत करून बघण्यासारखं आहे. माझ्या वर्गात या एका प्रयोगाला शेवटचा बाकही जागा होतो.

हेच थोड्या प्रमाणात बिनकानाच्या वाडग्यालाही लागू आहे. चाकावरून उतरताना एक बाजू कणभर जाड राहिली असेल तर वाडगा दोन अगदी जवळचे सूर एकदम काढतो आणि आवाज वाँव-वाँव असा हेलकावतो. वाडगा थोडा थोडा फिरवत वाजवून बघा, एका ठिकाणी हेलकावा थांबतो. तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि ठिपका कायम आपल्याकडे ठेवा.

अजून एक, खरेदीसाठी. बहुतेकांना वाटतं जाड भांडं खर्जात बोलेल. उलट आहे. आकार सारखा असेल तर जाड वाडगा ताठ असतो आणि वर बोलतो, पातळ खाली बोलतो. तेव्हा पंचमासाठी नुसता मोठा नको, पातळही बघा.

पाण्याच्या कटकटीला कंटाळणारे तुम्ही पहिल्या नाही. बेंजामिन फ्रँकलिन, तोच पतंग आणि वीजवाला, याने इंग्लंडमध्ये पाण्याने जुळवलेले काचेचे पेले ओल्या बोटांनी वाजवताना ऐकले आणि १७६१ मध्ये पाणीच काढून टाकलं. वेगवेगळ्या आकाराचे काचेचे वाडगे एका आडव्या दांड्यावर ओवले, दांडा पायाने फिरवायचा, बोटं ओली करून काठांना लावायची. १७९१ मध्ये मोझार्टने त्या वाद्यासाठी रचनाही केली. पण तिथे सूर कायमचे ठरून गेले. आपल्याला मारवा राग झाला की भूप राग वाजवायचाय, आपल्याला पाणीच सोयीचं.

तंबोरा आधी

बाईंनी नको म्हटलंय तरी लिहितो, गुरू हवा. आठवड्याला नाही तर दोन महिन्यांतून एकदा जा, पण जा. काठी कशी धरायची हे वाचून कळत नाही.

दुसरं, पेटीशी जुळवणं आजपासून बंद करा. पेटीचा शुद्ध गंधार चढा असतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सा च्या) तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो, तो त्याच्यापेक्षा खाली आहे. चाळीस वर्षं पेटी ऐकलेल्या कानाला खरा गंधार सुरुवातीला उतरलेला वाटतो. पेटीवाल्यांना त्याला काही करता येत नाही. तुम्हाला येतं, दोन थेंब टाका. एवढं हातात असताना पेटीचा चुकीचा सूर वाडग्यात भरायचा म्हणजे कमाल आहे.

आणि हे वाद्य "हौस" म्हणून हलकं समजू नका. अहोबलाच्या 'संगीत पारिजात' या सतराव्या शतकातल्या ग्रंथात जलतरंग आहे. चौसष्ट कलांतलं 'उदकवाद्य' म्हणजे जलतरंगच असंही बरेच जण ठोकून देतात. जुन्या टीकेत त्याचा अर्थ पाण्यावर हाताने मृदंगासारखं वाजवणं असा आहे. ते सोडून द्या.

ऐकायला पुण्याच्या मिलिंद तुळाणकरांचं वादन ऐका. कर्नाटक पद्धतीत सीता दोराईस्वामींचं ऐका, त्यात पाणी हलवून सुराला कसं डोलावलं आहे ते कान देऊन ऐका. जलतरंगात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही म्हणणाऱ्यांनी तर जरूर ऐका.

पाणीदार, कोल्हापूर

गंधाराबद्दल तंबोरा आधी यांच्याशी शंभर टक्के सहमत. मला ते कळायला दोन वर्षं लागली. तोवर माझा भूप नेहमी थोडा चिडलेला वाटायचा.

सूर डोलवायचं सांगतो, पण ताई, सहा महिने तिकडे जाऊ नका. वाडगा वाजवल्या वाजवल्या काठीचं टोक पाण्याला हलकं लावायचं, सूर किंचित थरथरतो. मी हे लवकर शिकायला गेलो आणि सगळ्या काठ्या भिजवून वाकड्या करून बसलो. वर जुळवलेलं पाणी सतरंजीवर.

आता अकरा वाडग्यांत काय वाजवायचं ते. तीन कप काढलेत तर आठ उरतील, दोन-तीन नवीन घ्यावे लागतील. भूप धरा. मंद्र प, ध, मग सा रे ग प ध, वर सां रें गं. दहा झाले. मोठे डावीकडे, अर्धगोलात, सगळ्यांना हात न ताणता पोचता आलं पाहिजे. जमिनीवर बसणं गुडघ्यांमुळे जमत नसेल तर टेबल ठीक आहे, पण खुर्ची उंच घ्या. काठी वरून खाली आली पाहिजे.

पहिला आठवडा फक्त सा आणि प. उजवा, डावा, उजवा, डावा. डाव्या हाताचा आवाज कायम बारीक येतो, दोन्ही सारखे ऐकू येईपर्यंत पुढे जायचं नाही. डोळे मिटून केलं तर लवकर कळतं. मग सारेग, रेगप, गपध, पधसां आणि उलट. इथला सूर टिकत नाही, तुमच्या पेटीसारखा भाता नाही. लांब सूर हवा असेल तर संतूरवाले करतात तसं दोन्ही काठ्यांनी त्याच वाडग्यावर भराभर टिपत राहायचं. विलंबित आलापीच्या नादी लागू नका, मध्यलयीतली गत (तालात बांधलेली वाद्याची चाल) या वाद्याला शोभते.

आणि भूप हाताला बसला की एक जादू. दोन्ही गंधारांतून सिरिंजने पाणी काढत जा, मध्यमापर्यंत चढवा. बाकी कशाला हात लावू नका. दुर्गा राग तयार. एका रागातून दुसऱ्यात जायला लागलेलं सामान: एक सिरिंज, एक पेला. पहिल्यांदा केलं तेव्हा रात्री साडेअकराला बायकोला उठवून ऐकवलं होतं. तिचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

पेटीवाल्या बाई, सातारा

बारा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार, आता हकीकत.

कपांचं घड्याळ यजमानांसमोर वाजवून दाखवलं. त्यांनी स्वतः चमचा घेऊन तीन वाजता आणि साडेचार वाजता वाजवून पाहिलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी शेजारच्यांना बोलावून मात्र स्वतःच शोध लावल्यासारखं दाखवत होते. तिन्ही कप चहाला परत गेले.

टर्र करणाऱ्या वाडग्याखाली चुंबळ दिली, जागा दिली, तरी टर्र. मग शाळेतली जुनी युक्ती केली. काठाला निळी शाई चोळून पुसली. केसासारखी एक रेघ राहिली, फुलाच्या पाकळीवरून खाली गेलेली. एवढी बारीक चीर, आणि पंधरा दिवस मी पाण्याला दोष देत होते. त्यात आता तुळशीचं रोप आहे.

पंचमासाठी आठवडी बाजारात गेले, कानात तंबोरा, बोटांवर वाडगा. विक्रेता पोरगा माझ्या शाळेतला निघाला. "बाई, घेताय की तपासताय?" म्हणाला. मी म्हटलं, तुझी वही तपासायची तशीच. एकोणीस वाडगे वाजवले, तीन घेतले. एक पातळ, पिवळट, काठाचा रंग उडालेला, अजिबात देखणा नाही. पण त्यात काठाखाली दीड बोट पाणी ठेवलं की पंचम असा येतो की अंगावर काटा. आता अर्धा तास झाला तरी हलत नाही. पंखा बंद ठेवते, घाम पुसत वाजवते.

गंधाराचं काय सांगू. तंबोऱ्यावर लावला आणि मला उतरलेलाच वाटला. दोन दिवस रोज एक थेंब चोरून काढून टाकत होते, पेटीवर आणायला. तिसऱ्या दिवशी नुसता सा आणि ग वाजवत बसले, दहा मिनिटं. मग पेटीवर गंधार दाबून पाहिला तर तो ओरडतोय असं वाटलं. ३० वर्षं मी मंडळाला तो सूर देत आलेय! मंगळवारी भजनाला बसले तर प्रत्येक ओळीत गंधार आला की माझीच मला लाज. बायका विचारत होत्या, तोंड असं का करताय.

तंबोरा आधी, तुमचं ऐकलंय. पुण्यात एकांशी फोनवर बोलले, दोन महिन्यांतून एकदा यायला हरकत नाही म्हणाले. भाची स्टेशनवर घ्यायला येईल.

सा-प चा आठवडा झाला, डावा हात अजून कच्चा आहे. सारेग रेगप चालू आहे. दुर्गा मात्र न राहवून करून पाहिला, सिरिंज हातात होती ना. झाला! यजमान जागेच होते, त्यामुळे उठवायची वेळ आली नाही.

आता नवीन अडचण. काल दुपारी सगळं जुळवून फोन घ्यायला आत गेले. परत येऊन बसले तर तार षड्ज कोमल रिषभाच्या वाटेला लागलेला. पंखा बंद, काही सांडलेलं नाही, टेबल कोरडं. दहा मिनिटं विचार करत बसले. मग बघते तर शेजारच्यांचं मांजर खिडकीत बसून मिशा चाटतंय. बाकी नऊ सोडून त्याला तो एकच वाडगा का आवडला असेल?

दुसरा बाक

सगळ्यात डावीकडे खिडकी आहे की उजवीकडे?

पेटीवाल्या बाई, सातारा

उजवीकडे. अहो खरंच, उजव्या टोकाला तार गंधार, मग रिषभ, मग षड्ज. म्हणजे पहिले दोन ओलांडून आलंय.

पाणीदार, कोल्हापूर

तार गंधार-रिषभाचे वाडगे आणखी लहान, त्यात तोंड मावत नसेल. षड्जाच्या वाडग्यात मावलं. ताई, मच्छरदाणीचा तुकडा टाकत जा उठताना. आणि सूर जुळला की वाडग्याला पाण्याच्या पातळीशी खुणेची रेघ मारून ठेवा, परत भरायला सोपं जाईल.